भैरूवाडीचे एकवीस ढोल

रविवार, ९ मार्च २०२५, दौंड

ऑगस्टनंतर या वहीला हात लावला नाही. 'माफ कर' असं लिहायला घेतलं आणि थांबले. वही काही रागावत नाही, आणि मीच मला माफ करायचं तर ते फारच सोपं झालं. खरं कारण लिहिते. सांगण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं अर्धं स्वतःलाही सांगायची तयारी नव्हती.

आता लिहावंच लागणार. काल शिरूरहून तेजश्रीचा फोन आला. २० एप्रिलला तिच्या वडिलांना, मच्छिंद्रमामांना, जाऊन वर्ष होईल. शिरूर-दौंड भागातल्या बहुतेक ढोलपथकांना पहिले ढोल मामांनीच दिले. त्या दिवशी पथकांच्या आठवणींची छोटी स्मरणिका काढायची आहे. "सीमाताई, तुम्ही शिकलेल्या, रेल्वेच्या ऑफिसात रोज लिहिता. तुम्हीच गोळा करा." मी हो म्हणाले. मी रोज लिहिते ते आवक-जावक नोंदवहीत, हे तिला सांगितलं नाही.

मामांचं ढोल-ताशांचं दुकान आता तेजश्री एकटी बघते. मागे मोठं गोडाऊन आहे, आणि खरं काम तिथेच चालतं. गणपती आणि गावच्या यात्रा उरकल्या की पथकं आपले ढोल तिथे ठेवतात. गावात उंदीर आणि ओल. आषाढात ढोलांची चामड्याची पानं बदलून, दोऱ्या ओढून ढोल परत न्यायचे. अशी सात पथकं आहेत, त्यांच्यावरच दुकान उभं आहे.

बुधवार, १२ मार्च

आठवणी येताहेत. खुटबावच्या एका शिक्षिकेने लिहून पाठवलं की शाळेच्या लेझीम पथकाला मामांनी दोन ताशे दिले आणि पोरींना ताशाची तर्री, ती सलग तडतड, शिकवायला आठ शनिवार एसटीने येत राहिले. सणसवाडीहून एका कारखान्यातल्या झारखंडच्या फिटरचा व्हॉइस मेसेज आला. विश्वकर्मा पूजेसाठी तो ढोल मागायला गेला होता. "हमको आपके यहाँ का ताल नहीं आता था. मामा बोले, तो तुम्हारा बजाओ, मैं सुनता हूँ. शाम तक बैठे रहे."

हे सगळं मी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं. आमच्या वस्तीच्या नावाचं पान मात्र अजून कोरं आहे.

शनिवार, १५ मार्च

आमची आठवण ही अशी.

२०१३ साली आमच्या वस्तीतल्या बायकांनी ठरवलं की १४ एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजे नको, आपण ढोल वाजवू. ढोल चारच होते. मी शिरूरला गेले. मामा पानाला दोरी ओवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ढोल हायेत की. पडल्यात. न्या." एकवीस ढोल दिले, वर निळ्या कापडाचे नवे अभ्रे. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "चामड्याचं पान पडून राहिलं की त्याला कसर लागती. तुमी वाजवता म्हून टिकतंय. उपकार कुणाचं कुणावर झालं मंग?"

बारा वर्षांत दोन कोरोनाची सोडली तर दर एप्रिलला ढोल आले. मला वाटायचं, दुकानातला जुना माल असेल.

२०१९ साली मिरवणूक संपल्यावर एका ढोलाचा अभ्रा सरकला. खाली पिंपावर रंगाने लिहिलं होतं : भैरवनाथ तरुण मंडळ, भैरूवाडी. मी सगळे अभ्रे वर करून पाहिले. एकवीसच्या एकवीस ढोलांवर तेच नाव.

म्हणजे गोडाऊनमध्ये विश्वासाने ठेवलेले दुसऱ्या गावचे ढोल मामा आम्हाला देत होते. आणि भैरूवाडी म्हणजे भैरूवाडी. आमच्याकडचं कुणी तिथल्या मिरवणुकीत ढोल गळ्यात घालेल, हे आजही मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. त्यांचे ढोल मात्र आमच्या गळ्यात होते.

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "अभ्रे नीट बांधत जा, गाठ दोनदा मारायची." बस. त्यानंतरही मी तीन वर्षं ढोल आणले. कुणाला बोलले नाही. हा माझा हिशेब मी अजून स्वतःला दिलेला नाही.

ही आठवण लिहायची की नाही? मामांचं सगळ्यात मोठं देणं हेच, आणि ते दुसऱ्याच्या वस्तूचं होतं. हे सोडून लिहिलं तर मी बारा वर्षांचं नुसतं गोडगोडच लिहिणार.

मंगळवार, १८ मार्च

आज भैरूवाडीचीच आठवण आली. मंडळाचे अध्यक्ष हौसराव आप्पा, वय सत्तरच्या आसपास. त्यांच्या नातसुनेने रेकॉर्ड करून पाठवली. आप्पा जसं बोलले तसं उतरवते :

"मच्छिंद्र म्हंजी चोख माणूस. आमचं एकवीस ढोल माघात यात्रा झाली की त्याच्याकडं. आषाढात बघावं तर समद्यास्नी नवं पान, नवी दोरी. मी येकदा इचारलं, मच्छिंद्रा, पडून पडून पान झिजतंय व्हय रं? हासला नुसता. तवापास्नं मी टिपरी बी संगट द्याया लागलो. ढोल हाय तिथं टिपरू असावं. आन् मार्च सरायच्या आत ढोल शिरूरला पोचलं पायजेत, ह्यो माझा नेम. पोरं म्हंत्यात कशाला घाई? मी म्हंतो, नेम म्हंजी नेम."

चार वेळा ऐकलं. पानाबद्दल त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांना संशय होता. ढोल वाजवायची टिपरी कशाला ठेवायला देतात ते कळलं नाही, ती घरात खुंटीलाही राहतात. पण म्हातारी माणसं काही नेम धरून बसतात.

संशय मनात ठेवूनही ते मामांबद्दल इतकं चांगलं बोलले. आणि मी, जिला खरं माहीत आहे, गप्प बसले आहे.

रविवार, २३ मार्च

ठरवलं. छापण्याआधी ज्याची वस्तू त्याची परवानगी घ्यायची. हाच सरळ मार्ग आहे. पत्र लिहिलं : "प्रति, मा. अध्यक्ष, भैरवनाथ तरुण मंडळ". २०१३ पासून कोणत्या वर्षी किती ढोल वापरले, कोणते पान फाटले, सगळं क्रमाने. शेवटी दिलगिरी, आणि हे स्मरणिकेत लिहू देण्याची विनंती. तीन वेळा खाडाखोड केली. 'वापरले' लिहावं की 'वाजवले', यावरच अर्धा तास गेला. 'वाजवले' ठेवलं.

उद्या स्पीड पोस्टाने जाईल. लेखी असलेलं बरं. छातीवरचं ओझं उतरेल असं वाटतं.

गुरुवार, २७ मार्च

उतरलं नाही. पत्र पोचल्याचा मेसेज मंगळवारी आला. उत्तर नाही.

शनिवार, २९ मार्च

ऑफिसात असताना हौसराव आप्पांचा फोन. बाहेर पार्सलच्या गाड्यांपाशी जाऊन घेतला.

"रामराम बाई. पत्र तुमीच टाकलं का?"

"हो आप्पा. मला वाटलं तुम्हाला आधी सांगावं."

"मला सांगायचं हुतं तर मला सांगायचं! फोन नव्हता का? तुमी मंडळाच्या नावानं टाकलं. सेक्रेटरी आमचा पुतण्या, सत्यजीत. त्यानं फोडलं, आन् पारावर उभं ऱ्हाऊन वाचलं, वरीसवार."

ते पुढे म्हणाले, "बारा वरसं कुणाच्या पोटात दुखलं न्हाई. आता कागुद झालाय. कागुद झाला की मिटिंग घ्यावी लागती, आन् मिटिंग झाली की मला बी बोलावं लागतंय. पोरं म्हंत्यात ढोल माघारी आणा, त्या दुकानाचं पुन्ना तोंड बघायचं न्हाई."

"यात तेजश्रीचा काय दोष, आप्पा?"

"त्ये मला सांगू नगा. आता असं करा, दुसरा कागुद द्या. चार ओळी. माझा गैरसमज झाला हुता, ढोल मच्छिंद्राचं सोताचंच हुतं. फुडच्या शनवारी मिटिंग हाय, त्याच्या आत. म्या फायलीला लावतो, इषय संपला."

मी म्हटलं, "पण ते खोटं आहे."

मग ते म्हणाले, "तुमी लई शिकल्याला दिसता," आणि फोन ठेवला.

रविवार, ३० मार्च, पाडवा

आबांना सांगितलं. माझे वडील, चांगदेव आबा, रेल्वेत गँगमन होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मिरवणुकीत ठोक्याचा पितळी टोल तेच वाजवतात. ते पेपर वाचत होते. घडी घालून बाजूला ठेवला.

"लिवून काय द्यायचं म्हनलीस? आपन वाजवलंच न्हाई?"

"वाजवले, पण त्यांचे नव्हते, असं."

"मंग कुणाचं हुतं? आपन मागून आणलं सीमा. चोरून न्हाई. मागून आणल्याल्याला मागून आणलं म्हनायचं, त्यात लाज कसली? तू पयल्यांदा पत्र लिवलंस ते मला न इचारता. आता दुसरं लिवू नगंस."

"पण आबा, त्या तेजश्रीचं दुकान..."

"त्ये खरंय," आबा म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला. बराच वेळ पान उलटलं नाही.

दोन्हीकडून विचार केला. चार ओळी लिहिल्या तर ढोल गोडाऊनमध्ये राहतात आणि दुकान राहतं. पण मग ज्या बायकांनी हातांना फोड आणून वाजवलं, त्यांची बारा वर्षं 'गैरसमज' होतात. नाही लिहिल्या तर मी स्वच्छ राहते आणि किंमत दुसरीच कुणी देते. मला माझ्या स्वच्छ राहण्याचीच भीती वाटू लागली आहे.

बुधवार, २ एप्रिल

रजा टाकून शिरूरला गेले. तेजश्रीला सगळं कळलेलं होतं, सत्यजीतचा फोन येऊन गेला होता. तिने मला चहा विचारला नाही. ती ताशाची कडी आवळत होती, आवळतच राहिली.

"सीमाताई, तुम्ही परवानगी कुणाची मागितली?"

"ज्यांचे ढोल, त्यांची."

"आणि जाणार कुणाचं होतं?"

पत्र लिहिताना तीन वेळा खाडाखोड केली, एका शब्दावर अर्धा तास घालवला. पण तेजश्रीला विचारावं, हे एकदाही मनात आलं नाही. आलंच नाही, हे मला इथे तसंच लिहून ठेवायचं आहे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबांनी कधी खोटं सांगितलं नाही कुणाला. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही, ताई. तुम्हाला नाही वाटत नवल, की इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नाही?"

मी म्हटलं, लोकांचा विश्वास होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कडीकडे वळली.

मी विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर त्या चार ओळी दिल्या असत्यास?"

"दिल्या असत्या," ती लगेच म्हणाली. "माझ्या आईला औषधं लागतात. पण तुम्ही देऊ नका. तुम्ही दिल्या तर तुम्ही आयुष्यभर मला फोन करून विचारत राहाल, बरोबर केलं का म्हणून."

ती हसली नाही. मीही नाही.

शनिवार, ५ एप्रिल

दुसरं पत्र दिलं नाही. त्याऐवजी सकाळी आप्पांना फोन केला आणि तसं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनीच कळवलं. मिटिंग दोन तास चालली. ढोल गुरुवारी परत आणायचे, पुढे गावातल्याच एका खोलीत ठेवायचे. मी विचारलं, काय बोलले लोक? "परवानगी. येवढा येकच शबूद. जो उठला त्यो परवानगी म्हनला. दुसरं काय बोलायचं हुतं त्ये कुणीच बोललं न्हाई. मी बी न्हाई," आप्पा म्हणाले.

वस्तीत सांगितलं. यंदा आपले चारच. एक-दोघी म्हणाल्या, चार तर चार. अंजनाकाकू मात्र म्हणाल्या, "तुला काय गरज पडली होती गं लिवायची?"

मंगळवार, ८ एप्रिल

आणखी एका गावच्या पथकाने तेजश्रीला फोन करून ढोल परत मागितले. कारण विचारलं तर म्हणाले, काही नाही, सहज. सातातली पाच उरली.

गुरुवार, १० एप्रिल

रजा शिल्लक नव्हती, तरी गेले. आपल्यामुळे जे होतंय ते बघायला तरी हजर असावं.

भैरूवाडीचा टेम्पो अकराला आला. सत्यजीत, दोन गडी आणि आप्पा. पांढरा शर्ट, टोपी, हातात काठी. दारातल्या मामांच्या फोटोपुढे आप्पा उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि मग जोरात म्हणाले, "चला, उरका. मंडळाचा ठराव हाय." गडी ढोल बाहेर आणू लागले. आप्पा एकेका ढोलावर काठी टेकवून मोठ्याने मोजत होते.

एकोणीस झाल्यावर थांबले. आत दोन उरले होते. "ह्ये दोन ऱ्हाऊ द्या. पान फाटलंय. दुरुस्तीला."

सत्यजीत म्हणाला, "काका, दुरुस्ती आपण दुसरीकडं करू की."

"पान ज्यानं घातलं त्यानंच काढायचं असतंय. तुला ढोलातलं काय कळतंय? मोबाइल बघ."

मी जवळच होते. दोन्ही ढोलांवर बोटं वाजवून पाहिली. पानं चांगली होती, कुठे चीर नाही. चूक राहू नये म्हणून मी म्हटलं, "आप्पा, हे दोन्ही चांगले आहेत. फाटलेले नाहीत."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी एक पाऊल मागे सरले. "बाई," ते म्हणाले, "तुमी गप ऱ्हाता का जरा? म्या सांगतो फाटलंय. पंद्रा तारखेला आमचा मानूस येतोय न्यायला. तवर दुरुस्त झालं पायजेत." मग तेजश्रीला म्हणाले, "आन् नीट बघून द्यायचं, पोरी. वरवर न्हाई."

"व्हय आप्पा," तेजश्री म्हणाली.

टेम्पो गेला. गोडाऊनच्या त्या बाजूच्या फरशीवर ढोलांचे गोल डाग तेवढे राहिले. तेजश्री झाडू घेऊन आली, पण झाडलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

ते दोन ढोल डोक्यातून जात नाहीत. आप्पांची नजर कमी झाली असेल. पण मग माझा शब्द का घेतला नाही? चांगल्या पानाची दुरुस्ती म्हणून तेजश्रीकडून उगाच काम करून घेतलं, तर तो तिच्यावर अन्याय; आणि न करता 'केलं' सांगितलं, तर ती फसवणूक. मंडळाला कळवायला हवं की ढोलांत दोष नाही. पत्राचा मसुदा केला आहे, छोटा. पण या वेळी पाठवला नाही. आधी तेजश्रीला विचारणार.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी तेजश्रीला फोन केला आणि मसुदा वाचून दाखवला. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, ती हसते आहे. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"ताई, ते पत्र फाडा."

"पण ढोल चांगले आहेत तेजश्री. आप्पांना कुणीतरी सांगायला..."

"ताई. बाबा पान बदललं की ढोल कधी लगेच देत नसत. दुरुस्त झालेला ढोल आधी वाजवून बघावा लागतो. नीट, भरपूर वेळ. वरवर नाही. आप्पा तेच म्हणाले ना?"

"हो, म्हणाले."

"मग? तुमची मिरवणूक किती वेळ चालते?"

मी म्हटलं, "पाच ते साडेनऊ."

"पुरेल," ती म्हणाली.

आप्पांना हे माहीत असेल का, असं विचारायचं होतं. नाही विचारलं. मसुदा फाडला. का फाडला ते अजून पूर्ण कळलेलं नाही. पण या वेळी जिला विचारायचं तिला विचारलं होतं, आणि तिने फाडा म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी तिने स्मरणिकेचं विचारलं. मी म्हटलं, आमच्या वस्तीची आठवण तू म्हणशील तशी लिहीन. ती म्हणाली, "आता लपवायचं काय उरलंय? बारा वर्षं छापा. नावासकट." जरा थांबून म्हणाली, "यंदाचं नको."

आबांना सांगितलं, आपले चार आणि दोन, सहा ढोल. आबा टोलाला चिंच लावून घासत होते. म्हणाले, "दोन कुणाचं?"

मी म्हटलं, "मागून आणलेत."

त्यांनी मान हलवली आणि घासत राहिले.

उद्या : सकाळी सातला टेम्पो घेऊन शिरूरला जायचं, दोन ढोल आणायला.